कन्व्हर्टर काढला की सेन्सर बोलतो

पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये, इंजिनालगत, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं इथे बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५मध्ये सक्तीचा झाला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून सोबत शिसेविरहित पेट्रोलही आलं.

कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर दुसरा. पहिल्याच्या संकेतावरून गाडीचा संगणक इंधन कमी-जास्त करतो, त्यामुळे तो संकेत सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून दुसऱ्याचा बराचसा स्थिर राहतो. कन्व्हर्टर काढून साधी नळी जोडली की दुसराही पहिल्यासारखा हलू लागतो. बहुधा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड नोंदला जातो आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो. मग काही गॅरेजांत सेन्सरला प्रवाहापासून दूर ठेवणारा स्पेसर त्याच्याखाली बसवतात किंवा संगणकातली ही तपासणीच बंद करतात. दिवा विझतो, विषारी वायू मात्र रस्त्यावर येतच राहतात. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि तिची किंमत मागून येणारा दुचाकीस्वार मोजतो.

पीयूसी, म्हणजे गाडीच्या प्रदूषण तपासणीतही ही फसवणूक पूर्ण दिसत नाही: पेट्रोल गाडीची नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे मोजलीच जात नाहीत. तरीही प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पी०४२० कोड आला तरी कन्व्हर्टर बाद झालाच असं नाही. आधी एक्झॉस्टची गळती, स्पार्क प्लग आणि सेन्सर तपासून घ्या.