बॉनेट उघडा, मग बोलू

मोटारींची प्लॅस्टिक किटं जोडणाऱ्यांत दोन पंथ आहेत, बॉनेट उघडणाऱ्यांचा आणि बॉनेट चिकटवून टाकणाऱ्यांचा. मी पहिल्या पंथाचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणार नाही. संपादकांना साऱ्या छंदाचा आढावा हवा आहे, तो देतो. पण ज्या किटात बॉनेटखाली नुसती पोकळी आहे, त्याला या लेखातही तेवढीच जागा मिळेल.

प्रारंभीचा काळ भराभर उरकू. ब्रिटनमध्ये एअरफिक्सनं १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टर काढला. अमेरिकेत रेव्हेलनं पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ‘गोलंड अँड गोलंड’च्या साच्यांतून ‘हायवे पायोनियर्स’ ही जुन्या मोटारींची मालिका आणली. शिकागोची मोनोग्राम लाकडातून प्लॅस्टिकात आली. या सगळ्यांना ऐतिहासिक महत्त्व आहे, म्हणजे आता त्यांचे डबे कुणी उघडत नाही.

खरी गोष्ट सुरू होते मिशिगनमध्ये. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावच्या एएमटीची पहिली गिऱ्हाइकं मुलं नव्हती, मोटारींचे डीलर होते. नवी गाडी शोरूमला लागली, की तिच्या मागोमाग तिच्याच रंगाची १/२५ मापातली प्रतिकृती यायची. बापाबरोबर आलेल्या पोराच्या हातात ती ठेवली, की निम्मा सौदा झालाच. या ‘प्रोमो’पायी गाडी बाजारात येण्याआधीच तिची ड्रॉइंग्ज कारखान्याकडून एएमटीच्या हाती पडत. तेव्हाचे प्रोमो सेल्युलोज ॲसिटेटचे. हे प्लॅस्टिक वर्षं सरतात तसं आकसतं आणि पिळवटतं, म्हणून त्या काळातल्या कितीतरी गाड्यांची छपरं आज बसलेली आणि बंपर वर वळलेले दिसतात. पुढे स्टायरीन आलं आणि हा रोग गेला.

१९५८ साली एएमटीनं हीच गाडी न जोडता डब्यात भरली आणि सोबत जादा भाग घातले. कारखान्यातून निघाली तशी करा, सजवून कस्टम करा, नाहीतर शर्यतीची करा. या ‘थ्री-इन-वन’ कल्पनेनं छंदाचा कायापालट केला. एका डब्यातून गाडी एकच व्हायची, पण दोन गाड्यांचे चाकांचे कॅप, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट उरायचे. त्या उरलेल्या भागांच्या खोक्यातूनच मॉडेलर घडला. आजच्या नेमक्या, मोजून भाग दिलेल्या किटांतून काहीच उरत नाही, म्हणून पुढचं काही सुचतही नाही.

जॉन हेन्लेची जो-हान डेट्रॉइटमध्येच होती, आणि एएमटीतून बाहेर पडलेल्या जॉर्ज टोटेफनं साठीच्या दशकात एमपीसी काढली. दर शरद ऋतूत डेट्रॉइटच्या नव्या गाड्या, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘ॲन्युअल’ किटं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दर वर्षी नवा साचा कोरणं परवडत नसे, म्हणून पुष्कळदा गेल्या वर्षीचाच साचा कापून, भरून पुढच्या वर्षाची गाडी करत. ६४ सालच्या गाडीतून ६५ ची निघाली, की ६४ ची कायमची गेली. म्हणून ‘जुनं किट आहे तसं परत काढा’ अशी हाकाटी करणाऱ्यांनी थोडा विचार करावा. परत काढायला साचा उरलेला असावा लागतो.

एड रॉथचा रॅट फिंक, जॉर्ज बॅरिसच्या कस्टम गाड्या, शिंगं फुटलेले राक्षस इत्यादी प्रकरण मी मुद्दाम गाळतो. त्याचे चाहते पुष्कळ आहेत, त्यांनी त्यावर लिहावं. त्यातली एकच गोष्ट सांगण्याजोगी. टॉम डॅनियलनं मोनोग्रामसाठी ‘रेड बॅरन’ नावाची गाडी कागदावर काढली, जर्मन शिरस्त्राणाच्या टपाची. किट इतकं खपलं, की मागाहून त्यावरून खरीखुरी गाडी बांधली गेली. नेहमीचा क्रम उलटा झाल्याचं एवढं ठळक उदाहरण दुसरं नाही.

आता माझा विषय. पहिल्या ॲन्युअल किटांत इंजिन नव्हतं. साठीच्या दशकात बॉनेट उघडू लागलं आणि छंदाला अर्थ आला. तोवर आपण आकार रंगवत होतो, आता यंत्र समजून घ्यावं लागलं. साधं वायरिंग घ्या. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलला चिकटून असतो. फोर्डच्या स्मॉल-ब्लॉकचा पुढे. किटात फार तर डिस्ट्रिब्युटरची टोपी मिळते, वायरी आपण ओढायच्या. खरी प्लग वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या मापात ०.३ मिलिमीटर. बंद पडलेल्या इअरफोनच्या आतली तार त्याला चालते. टोपीला भोकं पाडायची, मधलं कॉइलसाठी आणि भोवतीची आठ. मग शेव्हरोलेचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या बाजूला १-३-५-७ आणि समोर २-४-६-८. फोर्ड २८९ मोजतंच निराळं. उजवीकडे एक ते चार, डावीकडे पाच ते आठ, क्रम १-५-४-२-६-३-७-८, आणि रोटर फिरतो उलट्या दिशेनं. कुठलीही वायर कुठल्याही प्लगला लावली तरी बघणाऱ्याला कळत नाही, हे मला तरुण मंडळी ऐकवत असतात. कळतं. इंजिन सुरूच होणार नाही अशी गाडी बघून जाणत्या माणसाच्या पोटात दुखतं.

रंगाचंही तेच. शेव्हरोले नारिंगी, क्रायस्लरचं ४२६ हेमी नारिंगी, पण दोन्ही नारिंगी एक नव्हेत. फोर्डनं १९६६ पासून सगळी इंजिनं निळी केली. ६५ च्या मस्टँगमधलं २८९ काळं, वर सोनेरी व्हॉल्व्ह कव्हर. ६५ च्या मस्टँगमध्ये निळं इंजिन बसवून मोठमोठी बक्षिसं नेलेली मी पाहिली आहेत. परीक्षक बॉनेट न उघडणाऱ्या पंथाचे असावेत.

१/२४ चांगलं की १/२५, हा वाद मी एका ओळीत संपवतो. पाच मीटरची गाडी एकात २०८ मिलिमीटर भरते, दुसऱ्यात २००. कपाटात शेजारी ठेवू नका, प्रश्न मिटला.

जपानकडे वळू. तामिया मूळची शिझुओकाची लाकूडवाली. १९६० साली तिनं यामातो युद्धनौकेपासून प्लॅस्टिकला हात घातला आणि १९६७ मध्ये होंडाची आरए २७३ ही फॉर्म्युला वन गाडी १/१२ मापात काढली. त्या माळेतली सहा चाकांची टायरेल पी-३४ जोडलेल्या माणसाला सस्पेन्शन म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. शुन्साकु तामियांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन मोजमापासाठी सुटी केली आणि परत जोडायला पोर्शच्या मेकॅनिकला बोलवावं लागलं, हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला आहे. तामियाच्या भागांचा चपखलपणा येतो तो या वेडातून. २०२५ मध्ये ते गेले.

एवढं मानूनही माझं भांडण तिथेच आहे. जपानी १/२४ किटांत बहुतेकदा इंजिन नसतं, आणि ‘सुबक आकारासाठी केलेला त्याग’ असं आमच्यातले काही विद्वान त्याचं समर्थन करतात. त्याग कसला? जुन्या जपानी किटांत मोटर आणि बॅटरी बसवायची असे. पोरं गाडी जमिनीवर पळवत. तळ सपाट, आतल्या सीट उथळ आणि इंजिनाची जागा मोकळी, हे सगळं बॅटरीच्या सोयीसाठी. पुढे मोटर गेली, बॅटरी गेली, पण पोकळी राहिली, आणि आता तिलाच शैली म्हणतात. मनात आणलं तर जपान्यांना काय जमत नाही? फुजिमीच्या एन्थुझिअस्ट मालिकेतली पोर्श ९११ उघडून बघा. मागच्या झाकणाखालचं ते आडवं सहा सिलिंडरचं इंजिन मेहनतीची परीक्षा घेतं. भाग बारीक, सूचना अपुऱ्या, आणि धीर नसणाऱ्यानं वाटेला जाऊ नये. तामियानंही एन्झो फेरारी आणि लाफेरारी इंजिनासकट दिल्या. अर्थात महागड्या गाडीलाच इंजिन असतं असा समज करून द्यायला ते पुरेसं झालं.

इटलीच्या पोकेरची १/८ किटं ही वेगळीच दुनिया. अल्फा रोमिओ, रोल्स-रॉइस फँटम, हजारांवर भाग, जोडणी गोंदापेक्षा स्क्रूनं, आणि चाकांचे स्पोक एकेक करून ओवायचे. एअरफिक्सची १/१२ बेंटली त्यामानानं गरिबाची, पण सुपरचार्जर पुढे मिरवणारी. या दोन्हींना मी नमस्कार करतो. घरात जागा असेल त्यानं करावं.

आपल्याकडचं चित्र निराळं. परदेशातून किट विमानानं येतं, पण रंग, थिनर आणि सिमेंट ज्वालाग्राही म्हणून विमानात चढत नाहीत. म्हणून आमच्या पिढीनं गॅरेजच्या डेंटर-पेंटरकडून विद्या घेतली. ड्युको रंग, एनसी पुट्टी आणि वॉटर पेपर. ड्युकोचा थिनर कडक असतो. उघड्या स्टायरीनवर सरळ मारला तर पृष्ठभाग खातो, बारीक भेगांचं जाळं उमटतं. म्हणून आधी प्रायमर, मग एअरब्रशनं धुक्यासारखे दोन-तीन कोरडे हात आणि त्यानंतर ओला हात. सुकल्यावर दोन हजारच्या वॉटर पेपरनं पाण्याखाली घासून कंपाउंड. ‘खास मॉडेलसाठी’ बनवलेल्या, औंसाला सोन्याचा भाव असलेल्या बाटल्यांशिवाय फिनिश येत नाही म्हणणाऱ्यांना मी लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एक दिवस उभं करीन. फक्त पावसाळ्यात मात्र हात आवरावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लॅकर सुकताना पाणी धरतो आणि रंगावर पांढरट झाक चढते. रिटार्डर घालून काही निभावतं, पण जून ते सप्टेंबर इंजिनं जोडावीत आणि बॉडी दसऱ्यानंतर रंगवावी हेच खरं.

आपल्या गाड्या करायच्या तर सगळं हातानंच. मारुती जिप्सी म्हणजे लांब व्हीलबेसची सुझुकी जिम्नी. जपानी किटं मिळतात ती आखूड जिम्नीची. खऱ्या गाडीत व्हीलबेस २०३० मिलिमीटरचा २३७५ करायचा, म्हणजे १/२४ मध्ये मधून कापून सुमारे १४.४ मिलिमीटरची पट्टी घालायची, चासीलाही आणि बॉडीलाही. हे काम मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांनी नंतर कुठल्याही किटाला भ्यायचं सोडलं. पद्मिनीसाठी तर शीटमधून साऱ्या गाडीचा आकार घडवायचा. कुर्ल्यात बनलेली ती फियाट, तिचं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी उतरली. मापं घ्यायला गाड्या अजून आहेत, त्या भंगारात जायच्या आत टेप घेऊन निघा.

आजच्या ऱ्हासाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. पहिली साथ गंजाची. चांगली गाडी जोडायची आणि तिच्यावर गंज, चिखल, कोंबड्यांची विष्ठा चढवायची, आणि याला ‘वास्तववाद’ म्हणायचं. गंजाखाली साच्याची जोडरेघ दडते, वाकडा बंपर खपतो आणि रंगाचा संत्र्याच्या सालीसारखा पोत कुणी बघत नाही. काळ्या चकचकीत कॅडिलॅकमध्ये काही दडत नाही. ती करून दाखवा, मग गंज चढवा. दुसरी साथ साठवण्याची. डबे घ्यायचे, फोटो काढायचे, कपाट भरायचं. तिसरी थ्री-डी छपाईची. छापलेलं इंजिन आणून बसवणाऱ्याबद्दल माझा राग नाही. सुबक असतं. पण वायरचा क्रम त्याला विचारला तर तो फाईल बनवणाऱ्याचा नंबर देतो.

अमेरिकन कंपन्यांचं काय झालं, ते थोडक्यात सांगतो. एएमटी लेस्नीकडे, मग अर्टलकडे, आता राउंड टूकडे. मोनोग्राम आणि रेव्हेल १९८६ मध्ये एकत्र आल्या, आणि २०१८ साली मालक हॉबिकोचं दिवाळं निघाल्यावर रेव्हेल जर्मनांच्या हाती गेली. नवे साचे मोजकेच. त्यातही मोबियसनं हडसन हॉर्नेट नव्यानं कोरली, सहा सिलिंडर एका रांगेत, दोन कार्ब्युरेटर, आणि बॉनेट उघडतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं ते सर्वांत प्रामाणिक अमेरिकन किट, असं माझं मत आहे.

आता वाचकांकडे एक मागणं. तुमच्या माळ्यावर वडिलांनी किंवा काकांनी अर्धवट सोडलेलं एखादं किट असेल, तर रद्दीत देऊ नका. सुटे भाग, सूचनापत्रक, फाटका डबा, सगळं राखून ठेवा आणि जोडणाऱ्या एखाद्या मुलाला द्या. आणि आजच एक काम करा. मऊ काळे टायर डब्यातून काढून वेगळ्या पिशवीत घाला. जुन्या व्हिनिलमधलं तेल स्टायरीन खातं. काचेला किंवा बॉडीला टेकलेला टायर तिथे वितळलेला खड्डा पाडतो, आणि तो कुठल्याही पुट्टीनं नीट भरत नाही.