चष्म्याची काडी ढिली झाली? गोंद लावण्याआधी हे वाचा

आठवडे बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहून लोकांचे चष्मे बघा. एकाची काडी दोऱ्यानं बांधलेली, दुसऱ्याच्या बिजागरीत टाचणी, तिसऱ्याच्या फ्रेमला चिकटपट्टी. 'दिसतंय ना, मग झालं' म्हणत असा चष्मा वर्ष वर्ष वापरला जातो. पण फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, सोसायटीच्या कागदावरचा आकडा हे सगळं याच चष्म्यातून वाचायचं असतं. तिथं चूक झाली तर ती महागात पडते.

बिघाड मात्र बहुतेक वेळा किरकोळ असतो. बिजागरीतला दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक स्क्रू सैल झालेला असतो. वेळेत आवळला तर दोन मिनिटांचं काम; दुर्लक्ष केलं तर अख्खी फ्रेम, कधी काचही जाते.

ढिल्या स्क्रूमुळे नजरेत काय फरक पडतो?

चष्मा बनवताना काचेचा मध्य तुमच्या बुबुळासमोर येईल अशी ती बसवलेली असते. एक काडी ढिली झाली की चष्मा तिरका होतो आणि हा मध्य सरकतो. नंबर कमी असेल तर फारसं जाणवत नाही. नंबर जास्त असेल तर डोळ्यांवर ताण येतो, डोकं दुखतं. जवळचा आणि लांबचा असा दुहेरी चष्मा असेल तर वाचायचा भाग एका डोळ्याला वर, दुसऱ्याला खाली येतो. मग पायरी उतरताना अंदाज चुकतो.

काच धरून ठेवणारा स्क्रू सैल झाला तर आणखी एक गोष्ट होते. गोल फ्रेममध्ये काच जागच्या जागी फिरते. साधा नंबर असेल तर त्यानं बिघडत नाही. पण तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असेल तर काच ठरावीक कोनातच हवी. ती १० अंश फिरली तरी त्या नंबरचा साधारण एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो. ३० अंश फिरली तर तिरक्या नंबरचा उपयोगच संपतो. 'नवीन चष्म्यानं पण नीट दिसत नाही' अशी तक्रार असेल तर नंबर पुन्हा तपासण्याआधी काच हलते का ते बघा.

स्क्रू सैल का होतो?

पहिलं कारण आपली सवय. एका हातानं ओढून चष्मा काढला की एकाच बिजागरीवर जोर येतो. डोक्यावर चढवून ठेवला की काड्या फाकतात. घाम आणि धूळ बिजागरीत साचते ती वेगळीच.

दुसरं कारण फ्रेमच कच्ची असणं. हलक्या फ्रेममध्ये धातू मऊ असतो, आटे उथळ पाडलेले असतात. दोन-चार वेळा आवळलं की आटे जातात आणि स्क्रू नुसताच फिरत राहतो. हलक्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये बिजागरी नुसती रोवलेली असते. ती मुळातून हलली तर स्क्रू कितीही आवळा, काडी डगमगतच राहते.

घरच्या घरी कसा आवळायचा?

चष्म्याचा किंवा घड्याळाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो. टेबलावर पांढरा कपडा अंथरा, म्हणजे स्क्रू पडला तरी सापडेल. आधी नीट बघा. धातूच्या फ्रेमच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा दोन स्क्रू असतात, एक काडीचा आणि एक काचेभोवतीची कडी बंद करणारा. कोणता सैल आहे ते ओळखा.

बिजागरी कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. काडी अर्धवट मिटून दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आणा. स्क्रू आधी हलक्या हातानं फिरवा. सरळ गेला तरच ड्रायव्हर लावा. काडी आपोआप लटकणार नाही, पण सहज उघडेल, इतकाच आवळा. काचेचा स्क्रू जास्त आवळला तर काचेच्या कडेला टवका उडतो.

वारंवार सैल होत असेल तर आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावर काडीपेटीच्या काडीच्या टोकानं रंगहीन नेलपॉलिशचा बारीक थेंब लावा आणि वाळू द्या. काचेला ते लागता कामा नये.

स्क्रू हरवलाच तर दुकानात जाईपर्यंत भोकातून जाड दोरा ओवून घट्ट गाठ मारा. हा एक-दोन दिवसांचा उपाय झाला, कायमचा नव्हे.

हे मात्र करू नका

टाचणी किंवा सेफ्टी पिन घालू नका. तिचं टोक डोळ्याच्या शेजारी असतं. मुलांच्या चष्म्यात तर अजिबात नको.

झटपट चिकटणारा गोंद लावू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरट थर बसतो. बिजागरीही कायमची जाम होते. मग दुरुस्त करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

प्लास्टिकची फ्रेम गॅसवर धरून वाकवू नका. नेलपॉलिश काढायच्या द्रवानं किंवा थिनरनं चष्मा पुसू नका, प्लास्टिकची काच आणि फ्रेम दोन्ही खराब होतात.

दुकानात कधी न्यायचा?

स्क्रू नुसताच फिरत असेल, आत मोडून बसला असेल किंवा काडी स्प्रिंगवाली असेल तर घरी खटाटोप करू नका. आटे गेले असतील तर चष्मेवाला थोडा जाड स्क्रू किंवा नट-बोल्ट बसवून देऊ शकतो. गावात चष्मेवाला नसेल तर साध्या स्क्रूसाठी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, बारीक ड्रायव्हर त्याच्याकडे असतात. धातूची फ्रेम तुटली असेल आणि झाळून घ्यायची असेल तर आधी काचा काढायला लावा.

नवीन फ्रेम घेताना काय बघायचं?

रंग आणि फॅशन नंतर, आधी बिजागरी बघा. दोन्ही काड्या पाच-सहा वेळा उघडून मिटा. अडकत, कटकट वाजत किंवा एक सैल आणि एक घट्ट असेल तर ठेवून द्या. काड्या उघडून चष्मा टेबलावर उलटा ठेवा. डगमगला तर फ्रेम वाकडी आहे. बिजागरीत एकमेकांत बसणाऱ्या कड्या पाच असतील तर तीनपेक्षा पकड चांगली मिळते. स्क्रू बदलता येईल असा आहे ना आणि सुटे स्क्रू, नाकाचे पॅड मिळतील ना, हे तोंडावर विचारून घ्या.

पक्कं बिल घ्या. फ्रेमची किंमत आणि काचांची किंमत वेगळी लिहून घ्या, वॉरंटी सांगितली असेल तर तीही लिहायला लावा. बिल असेल तर सदोष फ्रेमबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात चष्म्यासारख्या साधनांसाठी ३,००० रुपये एकदाच देण्याची तरतूद आहे. उत्पन्नाची अट आहे. अर्जाची सध्याची स्थिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

शेवटी, घरातल्या शाळकरी मुलांकडे लक्ष द्या. काडी तुटली की 'रागावतील' म्हणून मूल चष्मा दप्तरात ठेवतं आणि महिनाभर तसंच वर्गात बसतं. लहान वयात एका डोळ्याला नंबर जास्त असताना चष्मा लावला नाही, तर तो डोळा पुढं आळशी होतो आणि नंतर चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा घरातले सगळे चष्मे हातात घ्या आणि काड्या हलवून बघा.