पासवर्ड लांब हवा, अवघड नको

दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड कामगार कोल्हापूर-सांगलीकडे आणि पार कर्नाटकात निघतात. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे फडाजवळची कोपी. पीकविमा, लेकरांची शिष्यवृत्ती, बँकेचं खातं ही कामं मात्र खिशातल्या फोनमधून त्यांच्याबरोबर जातात. त्या फोनवर पासवर्ड टाकायचा तो कोयता धरून घट्टे पडलेल्या अंगठ्यानं.

साध्या फोनचा पडदा रुंदीला साधारण ६५ ते ७० मिलिमीटर. कीबोर्डच्या वरच्या ओळीत दहा अक्षरं, म्हणजे एकेका अक्षराच्या वाट्याला जेमतेम सात मिलिमीटर. अँड्रॉइडची स्वतःचीच शिफारस अशी की, बोटानं दाबायची जागा नऊ मिलिमीटरच्या आसपास असावी. लक्ष्य लहान झालं की ते गाठायला वेळ जास्त लागतो आणि चुकाही वाढतात, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं. एरवी आपण संदेश लिहितो तेव्हा फोन अंदाजानं आपले चुकलेले शब्द दुरुस्त करतो. पासवर्डच्या चौकटीत ही मदत मिळत नाही आणि टाकलेलं अक्षरही ठिपक्याआड जातं. शिवाय पडदा बोटाचा सूक्ष्म विद्युत परिणाम ओळखतो. जाड, कोरड्या कातडीचा संकेत क्षीण असतो. राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, त्यामुळे बोटाच्या ठशाचाही भरवसा नाही.

अशा हातांना आपण सांगतो काय? एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह टाका. हा नियम जगभर पसरला तो अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आणि त्याच वर्षी निस्टनंही चिन्हांची सक्ती सोडून लांबीवर भर दिला. कारण सक्ती केली की माणसं नाव, मग @, मग १२३ असंच काहीतरी टाकतात, आणि चोरांचे प्रोग्रॅम सुरुवात तिथूनच करतात.

आता गणित बघा. कीबोर्डवरच्या सगळ्या ९५ चिन्हांतून निव्वळ योगायोगानं आठ निवडली, तर शक्यता होतात सुमारे ६६ कोटी गुणिले १ कोटी. फक्त २६ स्मॉल अक्षरांतून तशीच बारा निवडली, तर ९५४ कोटी गुणिले १ कोटी. म्हणजे चौदा पटींहून जास्त, आणि तेही एकदाही कीबोर्ड न बदलता. लहान पडद्यासाठी याहून मोलाची गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

एवढ्या प्रचंड आकड्यांची गरज का पडते, युपीआयचा पिन तर चार-सहा आकड्यांवर भागतो? तो पिन ठरलेल्या फोनशी आणि सिमशी बांधलेला असतो, आणि थोड्या चुका झाल्या की बंद पडतो. पासवर्डचं तसं नाही. चांगलं संकेतस्थळ पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, गणिती प्रक्रियेनं त्याचं 'हॅश' करून ठेवतं. ज्वारीचं पीठ झालं की पुन्हा ज्वारी होत नाही, तसा हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. पण हॅशची यादीच चोरीला गेली, तर चोर आपल्या संगणकावर अंदाजामागून अंदाज दळून जुळवत बसतो. तिथे त्याला अडवणारं कुणी नसतं.

बारा सुटी अक्षरं लक्षात ठेवणं अवघड, हे खरंच. त्यावर १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 'डाइसवेअर' ही पद्धत सुचवली: फासे टाकून यादीतून शब्द निवडायचे. त्यांच्या यादीत ७,७७६ शब्द होते. जिल्हा परिषदेच्या शाळेला अशी मराठी यादी एका आठवड्यात करता येईल. ३६ मुलांनी प्रत्येकी ३६ शब्द लिहायचे: बाभळ, सरकी, पाचट, रांजण, बिंदुसरा. एकच शब्द दोनदा आला तर बदलायचा, आणि प्रत्येकापुढे त्याचं इंग्रजी अक्षरांतलं एकच स्पेलिंग ठरवून ठेवायचं. झाले १,२९६ शब्द. लुडोचा फासा दोनदा टाकला की पान ठरतं, आणखी दोनदा टाकला की ओळ. पाच शब्द निवडले तर शक्यता ३६ कोटी गुणिले १ कोटींच्या पुढे जातात. सहावा घेतला की त्या आणखी १,२९६ पट. यादी चोराच्या हाती पडली तरी बिघडत नाही, कारण बळ यादीत नसून फाशात आहे. आवडीचे शब्द मनानं निवडले, तर मात्र सगळं गणित कोसळतं.

असे पासवर्ड पाठ करायचे ते एक-दोनच, फोनच्या मुख्य खात्याचा सगळ्यात आधी. बाकीचे फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरलाच बनवू द्यावेत आणि ठेवूही द्यावेत. घरात फोन एकच असेल तर पडद्याला निदान सहा आकडी पिन हवा, कारण मॅनेजरचं दार तोच. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून घरच्या पेटीत ठेवला तरी हरकत नाही. दूरच्या चोराचा हात त्या कागदापर्यंत पोहोचत नाही. गॅलरीतल्या फोटोपर्यंत मात्र पोहोचू शकतो. फोन फडात हरवला, तर गावी राहिलेल्या आईवडिलांना तो कागद फोनवरून वाचून दाखवता येतो. सेवा केंद्रात दुसऱ्यानं उघडून दिलेल्या खात्याचा पासवर्ड गाव सोडण्याआधी बदलून घ्यावा.

पोर्टल कॅपिटल आणि चिन्ह मागतच असेल, तर पहिलं अक्षर कॅपिटल करावं आणि आकडा व चिन्ह शेवटी एकत्र टाकावीत, म्हणजे कीबोर्ड एकदाच बदलावा लागतो. पण ही तडजोड ऊसतोड कामगारानंच का करायची? टाकलेला पासवर्ड दिसावा, तो पेस्ट करता यावा, निदान ६४ अक्षरांपर्यंत चालावा, अशा शिफारशी निस्टनं २०१७ मध्येच केल्या आहेत. शेतकऱ्यांच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रत्येक सरकारी पोर्टलवर या तिन्ही सोयी, पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, असायला हव्यात.