नवा ट्रॅक्टर रुळवावा कसा?



दसरा-पाडवा आला की आपल्या भागात नव्या ट्रॅक्टरच्या पूजा सुरू होतात. हार घालायचा, नारळ वाढवायचा, घरच्या मुलाबाळांना वर बसवून गावातून एक चक्कर मारायची. इथपर्यंत सगळे ठीक. पण पुढच्या दिवशी काय करायचे यावर पारावर दोन मते पडतात. जुनी मंडळी म्हणतात, "नवं इंजिन हाय, महिनाभर हळू चालवा." तरुण मुले म्हणतात, "आजकालची इंजिनं कंपनीतूनच तयार होऊन येतात, जुंपा दोन ट्रॉल्या." उसाच्या नोंदी घेण्यासाठी कळंब, चांडोली भागात फिरताना हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच. खरे पाहता हा विषय ऊस विकास खात्याचा नाही. परंतु ट्रॅक्टर कर्जाने घेतलेला असतो आणि त्याचा हप्ता उसाच्या बिलातून जातो, म्हणून याविषयी चार शब्द लिहिणे योग्य वाटले.

इंजिनाच्या आत काय घडते?

लायनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो ते. डोळ्यांना त्याची आतली भिंत गुळगुळीत दिसते, पण ती तशी नसते. कारखान्यात घोटाई करताना तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. या रेघांत ऑइल धरून राहते. पिस्टनवरच्या रिंगांनाही नवेपणी सूक्ष्म खडबडीतपणा असतो. इंजिन चालू लागले की रिंग आणि लायनर यांचे वर आलेले कण एकमेकांवर घासून झिजतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना बरोबर बसतात. यालाच रिंगा बसणे किंवा इंजिन रुळणे म्हणतात.

आता मुख्य मुद्दा ध्यानात घ्या. रिंगेला स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला लायनरवर खरी दाबून धरते ती जळणाऱ्या डिझेलच्या वायूची ताकद. हा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर काम असेल तर हा दाब चांगला मिळतो. इंजिन नुसतेच धडधडत ठेवले तर दाब कमी पडतो, रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत आणि रेघांमध्ये ऑइलचा चकचकीत थर जमतो. मेकॅनिक याला 'ग्लेझिंग' म्हणतात. एकदा का हा थर चढला की रिंगा बसायच्या राहून जातात, इंजिन ऑइल खाऊ लागते, आणि मग लायनर पुन्हा घोटून घेतल्याशिवाय उपाय राहत नाही.

याउलट पहिल्याच दिवशी पूर्ण ओझे टाकले तर न झिजलेल्या कणांवर एकदम फार उष्णता होते, मधला ऑइलचा पडदा फाटतो आणि धातूवर धातू घासून लायनरला ओरखडे पडतात. सारांश, फार लाड केले तरी नुकसान आणि फार राबवले तरी नुकसान.

हे आपल्याला नवे नाही. गोऱ्हा शिकवताना आपण त्याला पहिल्या दिवशी खोल नांगराला जुंपत नाही. आधी मोकळे जू मानेवर देतो, मग जुन्या बैलाच्या जोडीला हलक्या औताला धरतो. पण तो कोवळा आहे म्हणून वर्षभर दावणीला बांधून ठेवला तर तो शिकेल का? इंजिनाचेही तसेच आहे.

घरचा अनुभव

माझ्या लहानपणी आमच्या नदीकाठच्या मळ्यात विजेची मोटार नव्हती, डिझेल इंजिनावर पंप चाले. एका उन्हाळ्यात इंजिनाचे बोअर-पिस्टनचे काम करून आणले. मिस्त्रीने बजावून सांगितले होते, "पहिले दोन दिवस पंपाची डिलिव्हरी थोडी दाबून चालवा, मधूनमधून बंद करा." सेंट्रिफ्युगल पंपाचा व्हॉल्व्ह दाबला की इंजिनावरचा भार कमी होतो, हे त्यामागचे कारण. पण ऊस वाळत होता, डोळ्यांत पाणी यायची वेळ. वडिलांनी संध्याकाळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून इंजिन रात्रभर चालवले. पहाटे ते आपोआप बंद पडले ते हँडलने फिरेचना. पिस्टन जाम झाला होता. दुरुस्तीचा खर्च पुन्हा झालाच, पण त्या आठ दिवसांत ऊस जो सुकला तो सुकलाच. दोष इंजिनाचा नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. घाई आमची होती.

पूर्वीचे आणि आताचे

जुन्या मंडळींचे म्हणणे उगाच नव्हते. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी मोटार किंवा १९६३ साली स्थापन झालेल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर कंपनीचे सुरुवातीचे ट्रॅक्टर ज्या काळातले, त्या काळी यंत्रकामाची अचूकता आणि ऑइलची प्रत आजच्या इतकी नव्हती. नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी लावून लोक हळू जात. आज घोटाई अचूक होते, ऑइल सुधारले आहे आणि कारखान्यात इंजिन चालवून तपासूनच बाहेर पडते. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले, त्यामुळे त्या इंजिनांचे काम आणखी बारकाईचे झाले आहे. म्हणून महिनाभर जपण्याची गरज आता उरलेली नाही. परंतु रिंगा बसण्याची क्रिया आजही तीच आहे, आणि गिअर, क्लच, ब्रेक यांनाही रुळायला थोडा वेळ लागतो. ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सुरुवातीच्या तासांसाठी सूचना असतात त्या याचसाठी. बहुतेक ट्रॅक्टरांची पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास असते.

आता हिशेब करा. दिवसाला ८ तास काम धरले तर ५० तास म्हणजे सहा-सात दिवस. आठवडाभराच्या सबुरीने हंगाम बुडत नाही, आणि ती न धरल्यास पुढची दहा वर्षे ऑइलचा डबा जवळ बाळगावा लागू शकतो.

प्रत्यक्षात काय करावे

१) पुस्तिका घरात वाचणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. खाली सांगितलेल्यापेक्षा तिच्यात वेगळे असेल तर पुस्तिकाच खरी माना.

२) पहिले दोन दिवस हलके-मध्यम काम द्या. कुळवणी, फळी, पेरणी किंवा एकच ट्रॉली, तीही अर्धी भरून. पुढे ओझे हळूहळू वाढवत न्या.

३) पहिल्या ५० तासांत पलटी नांगराची खोल नांगरट, काळ्या चिकट रानात रोटाव्हेटर आणि उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ही तीन कामे टाळा. तोड आलीच असेल तर तेवढ्यापुरती शेजाऱ्याची गाडी सांगा आणि पुढे त्याचे काम फेडा.

४) एकाच वेगात तासन् तास चालवू नका. थ्रॉटल कमी-जास्त होऊ द्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका, धूर काळा येऊ लागला की खालचा गिअर टाका.

५) सकाळी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे सावकाश चालू द्या, मग कामाला लावा. टर्बो असेल तर काम संपल्यावरही तेवढाच वेळ थांबून मग बंद करा. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचेच ऑइल मिळते, एकदम बंद केले तर तापलेल्या बेअरिंगचे ऑइल तुटते.

६) केनयार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवू नका. गाणी ऐकण्यासाठी किंवा "परत चालू करायचा कंटाळा" म्हणून ट्रॅक्टर तासन् तास धडधडत ठेवलेले आपण सगळेच पाहतो. नव्या इंजिनाला हे सर्वांत वाईट, आणि डिझेल जाते ते वेगळे. ड्रायव्हरला हे स्पष्ट बजावून ठेवा.

७) रोज सकाळी सपाट जागी उभा करून डिपस्टिकवर ऑइल आणि रेडिएटरमध्ये पाणी पाहा. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडा. चाकांचे नट आवळलेले आहेत ना, हेही बघा.

८) हंगामात रस्त्यांवर फुफाटा असतो. एअर क्लीनर आणि त्याच्या पाइपाची क्लिप रोज तपासा. ढिल्या क्लिपमधून गेलेली धूळ नव्या रिंगा झपाट्याने खाते.

९) पहिली सर्व्हिस वेळेवर करा. रुळताना झिजलेले धातूचे कण ऑइलमध्ये उतरतात. ते ऑइल आणि फिल्टर सांगितलेल्या तासांना बदलला नाही तर तेच कण बेअरिंगात फिरत राहतात. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच घाला. सर्व्हिसची नोंद पुस्तिकेवर करून घ्या, वॉरंटीच्या वेळी ती लागते.

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिनकाम केले असेल तर हेच नियम अधिक कसोशीने पाळा. गावच्या वर्कशॉपातली घोटाई कंपनीइतकी अचूक असेलच असे नाही. मोटारसायकल आणि जीपगाडीलाही तत्त्व हेच लागू आहे, फक्त तिथे तासांऐवजी किलोमीटर मोजतात. साधारण पहिले हजार किलोमीटर फार पळवू नये, फार ओढूही नये.

एक खुलासा करतो. निळा धूर किंवा ऑइल खाणे हे दरवेळी न रुळवल्यामुळेच होते असे नाही. धूळ, हलके ऑइल, तापलेले इंजिन हीसुद्धा कारणे असतात. परंतु पहिला आठवडा आपल्या हातात असतो आणि तो पुन्हा मिळत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा ज्यांच्या दारात नवा ट्रॅक्टर येईल त्यांचे अभिनंदन. हार-नारळाबरोबर तास दाखवणाऱ्या मीटरकडेही लक्ष असू द्या. काही शंका असल्यास गट कार्यालयात जरूर विचारा, इंजिनातले नसले कळले तरी माहीतगार माणूस गाठून देऊ. आणि हो, लागणीच्या नोंदी वेळेत द्यायला विसरू नका!

आपला,
ऊस विकास अधिकारी