लाल बस आणि बांबोळीची खाट

स्विंडन, इंग्लंड

इथे निवडणूक आली हे रस्त्यावर कळतच नाही. भोंगे नाहीत, नाक्यावर कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर नाही. दाराच्या फटीतून पत्रकं आत पडतात, आणि गुरुवारी माणसं कामावर जाता-येता चर्चच्या हॉलमध्ये डोकावून, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने कागदावर फुली मारून येतात. सकाळी सात ते रात्री दहा. बोटाला शाई नाही. 2023 पर्यंत तर ओळखपत्रही सहसा कुणी मागत नसे. नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. टीव्ही-रेडिओवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्र-गोवा सीमेवरल्या बांद्याहून आलेल्या माणसाला हा देश फारच शहाणा वाटतो.

याच शहाण्या देशात 23 जून 2016 रोजी एका ओळीचा प्रश्न विचारला गेला: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं? मला मत होतं, तेही भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या देशांचे इथे राहणारे नागरिक ब्रिटनमध्ये मतदान करू शकतात, हे साम्राज्याचं उरलंसुरलं देणं. माझा शेजारी पेडण्याचा, म्हणजे पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचा, गोव्याचा. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, म्हणून त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट. त्या पासपोर्टवर युरोपात कुठेही काम करायची मुभा, म्हणून स्विंडनच्या गोदामात नोकरी. असे गोंयकार या गावात पुष्कळ आहेत. पण पोर्तुगीज नागरिकाला त्या दिवशी मत नव्हतं. ज्याची रोजीरोटी त्या फुलीवर टांगलेली, तो घरी. आणि ज्याचं फारसं काही अडत नव्हतं तो मी रांगेत. ‘माझांय मत तूच घालून ये’, तो म्हणाला.

प्रचाराचं सगळ्यात गाजलेलं साधन म्हणजे एक लाल बस. आपण युरोपला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, त्यापेक्षा ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असा त्या बसवरच्या मजकुराचा अर्थ होता. आकडा फसवा होता. मार्गारेट थॅचर यांनी 1984 साली भांडून मिळवलेली सूट पैसे पाठवण्याआधीच वजा होत असे, आणि उरलेल्यातलेही बरेच शेतकऱ्यांना, संशोधनाला म्हणून परत येत. सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे प्रमुख अँड्र्यू डिलनॉट यांनी हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं मतदानाआधीच जाहीर केलं. बस फिरतच राहिली. आकडा चूक की बरोबर यावर जितकी भांडणं झाली, तितका तो लोकांच्या तोंडी बसला. हा आकडा आणि आरोग्यसेवा नसती तर आपण जिंकलो नसतो, असं त्या मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी पुढे स्वतःच लिहिलं.

अडाणी मतदार फसला, असा निष्कर्ष इथल्या वर्तमानपत्री विद्वानांनी काढला. मला तो पटत नाही. युरोपीय संघाचा अर्थसंकल्प कसा ठरतो हे रेल्वेच्या फिटरला ठाऊक नव्हतं, तसं त्याच्या डॉक्टरलाही नव्हतं. ‘राहा’ म्हणणाऱ्या सरकारने तरी काय केलं? बाहेर पडलात तर दर घरामागे वर्षाला 4,300 पौंडांचं नुकसान, असा अर्थखात्याचा आकडा काढला. एकूण उत्पन्नाला घरांच्या संख्येने भागून आलेला तो आकडा कुणाच्याच खिशात सापडेना. दवाखान्यातली रांग मात्र प्रत्येकाने पाहिलेली. प्रचारक अज्ञानाचा फायदा उठवतो हे अर्धंच खरं. तो आधी माणसाला नक्की काय माहीत आहे ते हेरतो आणि आपला आकडा तिथे नेऊन बांधतो.

बांद्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अपघात झाला, छातीत कळ आली, की आपली गाडी गोव्यात बांबोळीच्या इस्पितळाकडे धावते. त्या सरकारी इस्पितळाने 2018 मध्ये बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत केवढा संताप झाला होता! खाटा कमी आणि परराज्यातले रुग्ण जास्त, हे पलीकडचं म्हणणं पूर्ण खोटंही नव्हतं. म्हणून तर ते चाललं. तिथले ‘बाहेरचे’ आपण होतो, इथले माझा शेजारी.

टीव्हीवर जाहिरात बंद म्हटल्यावर ब्रिटनमधल्या प्रचाराचा पैसा फेसबुककडे वळला. तिथे ज्याला जे आवडतं ते त्याला दाखवलं जाई: प्राणिप्रेमीला स्पेनमधली बैलझुंज, दुसऱ्या कुणाला चहाच्या किटलीवर युरोपचं संकट. त्याच महिन्यात फुटबॉलची युरोपीय स्पर्धा होती. सगळ्या 51 सामन्यांचे निकाल अचूक सांगा आणि 5 कोटी पौंड जिंका, अशी स्पर्धा ‘बाहेर पडा’वाल्यांनी लावली. अर्जात नाव, पत्ता, फोन आणि मत कोणत्या बाजूला देणार तेही भरायचं. बक्षीस कुणाला मिळणं जवळजवळ अशक्यच. मिळाले ते मोहिमेला फोन नंबर. निवडणुकीआधीच्या हळदीकुंकवाच्या वहीत नाव-नंबर लिहिलेल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलंबियात बंडखोरांशी झालेल्या शांतता करारावर मत घेतलं गेलं. करार 54 हजारांहूनही कमी मतांनी पडला. मग ‘नाही’च्या प्रचारप्रमुखाने मुलाखतीत मोकळेपणाने सांगून टाकलं: करार समजावण्याच्या फंदात आम्ही पडलोच नाही, लोकांनी रागाने मत द्यावं एवढंच पाहिलं, गरिबांना अनुदानावरून भडकवलं, सुखवस्तूंना करांवरून.

आपल्या दाराशीही असा एक कौल झालाय. 16 जानेवारी 1967. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. विलीनीकरण झालं तर कुळांना जमीन मिळेल, हे एकीकडे. महाराष्ट्राची दारूबंदी येईल, माडावर चढणाऱ्या रेंदेराचं पोट जाईल, नोकऱ्या बाहेरचे नेतील, हे दुसरीकडे. विलीनीकरणाविरुद्धची मोठी तोफ होती ‘राष्ट्रमत’, आणि ते दैनिक मराठीतच निघत होतं. पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. पेडणे फुलाच्या बाजूने गेलं. गंमत पुढेच आहे. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं. दिल्ली-मुंबईचे शहाणे तेव्हाही चक्रावले असतील.

ब्रिटन 51.9 टक्के मतांनी बाहेर पडला. स्विंडनमध्ये हेच प्रमाण 55 च्या आसपास होतं. शेजाऱ्याला कायम राहण्याचा परवाना मिळाला, पण 2021 पासून नव्याने काढलेल्या पोर्तुगीज पासपोर्टवर इथे नोकरीसाठी येता येत नाही. बाहेरचे मात्र कमी झाले नाहीत. युरोपातून येणारे घटले, तर भारत आणि नायजेरियातून येणारे इतके वाढले की 2022-23 मध्ये येणाऱ्यांचा आकडा विक्रमी झाला. त्यातल्या कितीतरी जणी त्याच आरोग्यसेवेत परिचारिका म्हणून लागल्या. 2024 च्या निवडणुकीतल्या पत्रकांवरचे ‘बाहेरचे’ त्यामुळे पोर्तुगीज-पोलिश उरले नाहीत, माझ्यासारखे झाले. संसदेच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराचं एक पत्रक पोस्ट फुकट पोचवतं, आणि मतदारयादीत नाव असल्यामुळे ते माझ्याही दारात येऊन पडतं.