खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेलं असं नाही

पावसाळा आला की वस्तीत गजकर्ण वाढतं. कपडे वाळत नाहीत, घामाने जांघा ओल्या राहतात, एकच टॉवेल चौघं वापरतात. म्हणून वर्षावासातल्या महिला बैठकीत आम्ही सगळ्यांना सांगितलं: मेडिकलमधून आणलेलं अंगाला लावायचं जे काही घरात असेल, ते पिशवीत घालून आणा. सतरंजी भरून गेली. साबण, पावडरी, क्रीम आणि शेपटीपर्यंत पिळलेल्या मलमाच्या ट्यूबा. एकेक वाचून आम्ही तीन ढीग केले.

पहिला ढीग : धोक्याचा

हा ढीग सर्वात मोठा निघाला. खाज, गजकर्ण, पुरळ, काळे डाग या सगळ्यांवर एकच ट्यूब! शाळेत जाणाऱ्या मुलींकडून आम्ही बारीक इंग्रजी अक्षरं वाचून घेतली. बहुतेकांवर यातलं एखादं नाव होतं: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन. ही सगळी स्टेरॉईड आहेत.

गजकर्ण ही बुरशी आहे. ती वाढली की त्वचा लाल होते, खाजते. म्हणजे शरीर तिच्याशी लढत असतं. स्टेरॉईड ही लढाईच दाबून टाकतं. दोन दिवसांत खाज थांबते, बाईला वाटतं गुण आला. पण कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून चोर पळत नाही. बुरशी आत पसरत राहते, ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. एका ताईंच्या जांघेत रुपयाएवढा डाग होता. शेजारणीची ट्यूब लावत राहिल्या, चार महिन्यांनी तो कमरेपर्यंत गेला. तोवर घरातल्या मुलांनाही लागण झाली होती.

खरं सांगायचं तर नर्सची नोकरी करताना आम्हीही घरच्यांना अशीच ट्यूब आणून दिली आहे. नाव ओळखीचं होतं, घटक वाचले नव्हते.

चेहऱ्याची गोष्ट आणखी वाईट. बघायला पाहुणे येणार म्हणून एका मुलीला घरच्यांनीच ‘गोरं करणारं’ मलम आणून दिलं. महिनाभर चेहरा उजळ दिसला. मग त्वचा पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, पुटकुळ्या आल्या. चुलीसमोर बसलं की आग व्हायची. बंद केलं की जास्त आग, म्हणून पुन्हा तेच लावायचं. असा हा सापळा आहे. रंग काळा असणं हा आजार नाही. त्यावर औषध आणायचंच कशाला, हा प्रश्न मुलीला नाही, घरातल्या मोठ्यांना विचारायचा आहे.

ट्यूबवर लाल रेघ किंवा ‘शेड्यूल एच’ असं छापलेलं असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. 2018 साली सरकारने अनेक स्टेरॉईड मलमं या नियमाखाली आणली. तरी काउंटरवर मागितली की मिळतात. म्हणून वाचायचं आपणच.

दुसरा ढीग : पैसे वाया

महागडा ‘जंतुनाशक’ साबण रोजच्या अंघोळीला लागत नाही. साधा साबण पुरतो. वेष्टनावर टीएफएमचा आकडा असतो, म्हणजे साबणातला स्निग्ध अंश. 76 किंवा जास्त असेल तर पहिल्या प्रतीचा. जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता अंगावर ओतू नका, कातडी भाजते. योनी धुण्याची सुगंधी द्रवंही नकोत. आतला भाग स्वतःच स्वच्छ राहतो, बाहेरून साधं पाणी पुरे. अंगावरून पांढरं जाऊन वास किंवा खाज असेल, तर बाटली नको, तपासणी हवी.

तिसरा ढीग : कामाचा

हा सर्वात स्वस्त. पेट्रोलियम जेली भेगांना, कोरड्या अंगाला. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावा. घामोळ्यांना कॅलामाइन. गजकर्णाला फक्त क्लोट्रिमाझोल असलेलं मलम, सोबत दुसरं काही मिसळलेलं नको. जनऔषधी केंद्रात विचारा.

हे मलम दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर बोटभर लावा. डाग दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे चालू ठेवा. इथेच बहुतेक जण चुकतात. घरात ज्यांना ज्यांना आहे, त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, उन्हात वाळवा. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

दवाखान्यात कधी जायचं?

डाग चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखात असेल, खूप पसरला असेल, तीन-चार आठवड्यांत गुण नसेल, मधुमेह असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात केसपेपर काढा. स्टेरॉईड बरेच दिवस लावलं असेल तरीही जा. ते कसं सोडवायचं हे डॉक्टरच ठरवतील.

जाताना वापरलेली ट्यूब सोबत न्या. लाजून घरी ठेवू नका. काय लावलं होतं हे कळलं, तरच डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.