पोलिसाला संप का करता येत नाही?

कॅम्पातील शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला एका हवालदाराच्या मुलाने मला विचारले, "सर, बसवाले संप करतात, मग माझे बाबा का नाही?"

याचे उत्तर राज्यघटनेच्या 33 व्या कलमात आहे. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार ते संसदेस देते. त्यानुसार 1966 साली कायदा झाला. परवानगीवाचून कामगारसंघाचा सभासद होणाऱ्या पोलिसास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जवळच्या हिंडलगा तुरुंगातील रक्षकाची स्थितीही फारशी निराळी नाही. परदेशांत काही तुरुंग खाजगी कंपन्या चालवितात. आपल्याकडे मालक सरकारच. आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने पोलीस व तुरुंग कर्मचारी यांना 'कामगार' या व्याख्येतूनच वगळले. 2020 च्या संहितेनेही तेच केले.

या निर्बंधामागील भय खोटे नव्हे. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत पोलीस संघटनेची मान्यता काढून पुढाऱ्यांना अटक होताच पोलीसच रस्त्यावर उतरले, आणि सैन्य बोलवावे लागले. पण धाकाने गाऱ्हाणे संपते थोडेच! जून 2016 मध्ये कर्नाटकातील पोलिसांनी वेतन, रजा आणि वरिष्ठांची वागणूक यांसाठी सामुदायिक रजेचा बेत केला. सरकारने अत्यावश्यक सेवांचा कायदा पुढे केला, बेत बारगळला.

पोलिसांनी संप करू नये, हे मला पटते. परंतु 1966 च्या कायद्यातच परवानगीची वाट आहे. संप न करणारी, केवळ गाऱ्हाणी मांडणारी संघटना त्या वाटेने मान्य करता येईल. त्या मुलाला मी एवढेच सांगितले.